सुईपुरती नजर

घारीचं खरं नाव फक्त दवाखान्यात पुकारलं जायचं, आणि ते पुकारलं की हे आपल्यालाच बोलावतायत हे तिच्या बराच वेळ ध्यानात यायचं नाही. बाकी सगळ्या जगाला ती घारी. डोळे घारे होते म्हणून वडिलांनी लहानपणी तशी हाक मारायला सुरुवात केली आणि ती चिकटली ती चिकटलीच. लग्नानंतर नवऱ्यानं चार दिवस खऱ्या नावानं हाक मारून पाहिली. ओ येईना म्हणून त्यानंही नाद सोडला.

वडील रफूगार होते आणि घारीही रफूगार. तिला कुणी शिंपीण म्हटलं की तिचं डोकं सणकायचं. "शिंपी नवं शिवतो. मी जुनं होतं तसं करते," एवढं बोलून ती मान खाली घालायची. तिचं काम बघायला जावं तर बघणाऱ्याला काही दिसायचंच नाही, आणि हेच त्या कामाचं कौतुक. कोटाला सिगारेटनं भोक पडलेलं असायचं, नाहीतर दाराच्या खिळ्यात अडकून पँट फाटलेली असायची. घारी त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे उपसायची आणि भोकाच्या जागी उभा-आडवा एकेक धागा घालत कापड पुन्हा विणायची. चौकटी असतील तर चौकट जुळली पाहिजे, रेघ असेल तर रेघ. काम झाल्यावर गिऱ्हाईक कपडा उलटासुलटा करत विचारायचं, "भोक होतं कुठं?" त्या एका प्रश्नासाठी घारी जगत होती म्हणा ना.

वडिलांनी तिला एक सवय लावली होती. सकाळी चहाच्या आधी डबीतली सगळ्यात बारीक सुई काढायची, खिडकीकडे तोंड करायचं आणि दोरा ओवायचा. थुंकी लावायची नाही, दुसऱ्यांदा प्रयत्न करायचा नाही. एका फटक्यात गेला तर डोळे शाबूत, बसायचं कामाला. नाही गेला तर त्या दिवशी बारीक कामाला हात लावायचा नाही. वडील गेले, लग्न झालं, मुलगी झाली, ती मोठी होऊन दुसऱ्या गावी नोकरीलाही लागली, पण घारीची सुई चुकली नाही. नवरा बसचा ड्रायव्हर. पहाटेची पाळी नसली की तो चहा टाकता टाकता आतून ओरडायचा, "काय गं, शाबूत?" आणि बाहेरच्या खोलीतून ती म्हणायची, "शाबूत." दुसरी माणसं एकमेकांना उठल्यावर काय म्हणतात कोण जाणे, या घरात हे म्हणायचे.

मधे पस्तिशीत एकदा तिच्या बोटांनी दगा दिला होता. सकाळी उठावं तर मुठी आवळलेल्या, उघडेनात. पेरं सुजून लाल. कोमट पाण्यात हात बुडवून बसायचं, तेव्हा कुठं दुपारपर्यंत बोटं माणसात यायची. तेवढे महिने रोजची सुई ती दुपारी ओवायची. सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठलंय असं काहीतरी सांगितलं आणि एक लहानशी पांढरी गोळी लिहून दिली. ही गोळी लगेच गुण देत नाही, धीर धरा, म्हणाल्या. घारीनं धीर धरला. काही महिन्यांनी एका सकाळी मूठ आपली आपण उघडली, आणि त्या दिवसापासून घारीचा त्या गोळीवर नवऱ्यापेक्षा जास्त विश्वास बसला.

बाईंनी आणखी एक सांगितलं होतं. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली तर कधीकधी, सगळ्यांनाच नाही, पण कधीकधी डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा करते. म्हणून दरवर्षी पडद्याचा फोटो काढायचा. घारीनं पहिली काही वर्षं इमानेइतबारे काढला. डोळ्यात थेंब घालायचे, बाहुल्या मोठ्या व्हायच्या, मग यंत्राला हनुवटी टेकवून बसायचं. फोटो दरवेळी स्वच्छ. पण त्या थेंबांनी उरलेला दिवस सगळं धुरकट दिसायचं आणि कामाचा खाडा व्हायचा. एका वर्षी लग्नसराईत कपड्यांचा ढीग पडला म्हणून ती गेली नाही. पुढच्या वर्षी गेल्या वर्षी काही झालं नाही म्हणून गेली नाही. कोपऱ्यावरचा औषधवाला ओळखीचा होता, तो जुन्या चिठ्ठीवर गोळ्या देत राहिला. नवऱ्यानं मधूनमधून विचारलं की ती म्हणायची, "अहो, बारीक सुई रोज एका फटक्यात ओवते मी. डोळ्यांना काय धाड भरलीय?" यावर बसच्या ड्रायव्हरनं काय बोलायचं!

खोटं कशाला बोला, खुणा दिसत होत्या. टेबलावर सुईशेजारी ठेवलेली कात्री सापडेनाशी व्हायची. वरच्या मजल्यावर तिची मोठी नणंद राहायची, तोंडाची फटकळ पण मनाची मोकळी. घारीनं एकदा तिलाच सुनावलं, "ताई, माझी कात्री नेता तर निदान सांगून न्या." नणंद खाली आली, सुईच्या शेजारची कात्री उचलून तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "ही घे. चोरी पकडली गेली." घारी दोन दिवस फुगून बसली. वर्तमानपत्र वाचताना शेजारची अक्षरं गायब व्हायची, तर ती छापणाऱ्यांच्या नावानं बोटं मोडायची. एका कपाकडे हात नेताना दुसरा कप सांडायचा. दरवेळी दोष दुसऱ्या कुणाचा तरी असायचा, आणि तो शोधण्यात घारी पटाईत होती.

त्या वर्षी तिच्याकडे येणारे कपडेही बदलले. लॉन्ड्रीवाला तिला काम आणून द्यायचा, वडिलांच्या वेळेपासूनचा संबंध. आता तो आणायचा ते साधे काळे, निळे, करडे. चौकटी आणि पट्ट्या येईनाशा झाल्या. फॅशन बदलली असेल, असं तिला वाटलं.

मग एका दुपारी लॉन्ड्रीवाला मास्तरांचा कोट परत घेऊन आला. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, आणि तो मोठ्या चौकटींचा लोकरी कोट त्यांच्या अंगावर सगळ्यांनी बघितलेला. घारीनं चारच दिवसांपूर्वी त्याच्या बाहीवरचं भोक भरलं होतं.

"ताई, जरा हे बघता का?" तो दारातच घुटमळत म्हणाला.

"काय झालं?"

"रेघ सरकलीये."

घारीनं कोट हिसकावून घेतला आणि दिव्याखाली धरला. तांबड्या रेघेवर बोट ठेवून ती वरपासून खालपर्यंत गेली. "कुठं सरकलीये? ही काय सरळ!" शेजारच्या काळ्या रेघेवर बोट नेलं. तीही सरळ. जिच्याकडे बघावं ती रेघ सरळ होती.

"तुम्ही एकेक बघताय," लॉन्ड्रीवाला हळूच म्हणाला. "सगळं मिळून बघा ना."

सगळं मिळून. घारीनं कोट लांब धरला, जवळ धरला, मान तिरकी केली. मधे जेवढं बघावं तेवढं लख्ख होतं आणि त्याच्या भोवतीचं कुठंतरी विरघळून जात होतं. नजर तिकडे न्यावी तर तिथलं लख्ख आणि आधीचं गेलेलं. रेघ सरकलीये की नाही, हे तिला सांगताच येईना. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"तुमचीच नजर गेलीये. चष्मा बदला."

लॉन्ड्रीवाल्यानं मान खाली घातली. "रागावू नका ताई, पण हे पहिल्यांदा नाही झालं. म्हणूनच मी चौकटीचे कपडे तुमच्याकडे आणायचे थांबवले होते. मास्तर म्हणाले घारीकडेच द्या, म्हणून हा दिला."

घारीनं त्याला काय काय सुनावलं ते सांगण्यात अर्थ नाही. तो बिचारा कोट तिथंच ठेवून गेला. संध्याकाळी नवरा आला तेव्हा दिवा न लावता ती तशीच बसली होती. तिनं कोट त्याच्या पुढ्यात टाकला.

"खरं सांगा. सरकलीये?"

नवरा खोटं बोलण्यात एकदम कच्चा. त्यानं बाही हातात घेतली, बघितली, आणि बोलायच्या ऐवजी कोटाची घडी घालायला लागला. घडी घालून झाल्यावर म्हणाला, "डोळ्यांचा फोटो शेवटचा कधी काढला होतास?"

"सुई रोज ओवते की मी!"

"अगं, माझे डोळे दरवर्षी तपासतात. एक दिवस चुकला तर मला गाडीवर चढू देत नाहीत. आणि तू सुई ओवून स्वतःलाच पास करत बसलीस!" तो कधी आवाज चढवायचा नाही. त्या दिवशी चढवला. मग जेवण तसंच राहिलं.

थेंब घातल्यावर एकटीनं परतता येत नाही आणि नवऱ्याला रजा मिळेना, म्हणून डोळ्यांच्या दवाखान्यात नणंद सोबत आली. बाकावर बसल्या बसल्या तिनं शेजारच्या तिघांचे आजार विचारून घेतले आणि एकाला सल्लाही दिला. घारीचं लक्ष नव्हतं. खरं नाव पुकारलं गेलं तेव्हा नणंदेनंच तिला कोपरानं ढोसलं.

आतल्या अंधाऱ्या खोलीत फोटो काढणारी एक तरुण मुलगी होती. आधी तिनं बटणाची तपासणी घेतली. एका पांढऱ्या घुमटात समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि बाजूला कुठं बारीक उजेड चमकला की बटण दाबायचं. घारीनं नजर भिरभिर फिरवून ठिपके हुडकायला सुरुवात केली. आयुष्यभर हेच तर केलं होतं, सुटलेला धागा हुडकायचा.

"मावशी, डोळा हलवायचा नाही. समोरच बघायचं," मुलगी म्हणाली.

"समोर बघून बाजूचं कसं दिसेल?"

"दिसतं. सगळ्यांना दिसतं."

तिनं समोर नजर रोखली आणि बटणावरचा अंगठा नुसता बसून राहिला.

मग यंत्र. हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं. आत एक हिरवी फुली होती. "मधली फुली दिसतेय?" "लख्ख," घारी म्हणाली, आणि त्या शब्दाचा तिला एकाएकी राग आला. यंत्र घुर्रघुर्र फिरलं. एकदा निळा उजेड झाला, एकदा डोळा दिपला. इथं हुडकाहुडकी चालत नव्हती. यंत्र तिला काही विचारतच नव्हतं, ते आपलं आपण बघत होतं.

मुलीनं मान वळवून संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा जपून वागणाऱ्या माणसाचा होतो तसा झाला. घारीनं तेवढं बरोबर टिपलं.

"मला बघू दे."

"डॉक्टर सांगतील मावशी."

"माझाच डोळा आहे ना? बघू दे."

मुलीनं संगणकाचा पडदा थोडा वळवला. घारी अगदी जवळ गेली. थेंबांनी सगळं धुरकट होतं तरी आकार कळत होता. करड्या रंगाचं गोल चित्र, मधे एक लहानसा धड ठिपका, आणि त्याच्याभोवती कडं. शेजारच्या चित्रात डोळ्याच्या पडद्याचा काप दिसत होता, थरावर थर, घडी घातलेल्या कापडाची कड असावी तसा. मधे घडी जाड होती आणि दोन्ही बाजूंना थर पातळ होत होत संपल्यासारखे झाले होते. घारीनं असं कापड हजारदा हातात धरलं होतं. कोपरावर घासून घासून पातळ झालेलं, उजेडात धरलं की आरपार दिसणारं.

"विरलंय," ती म्हणाली.

"काय मावशी?"

"भोक असतं तर भरता येतं. विरलेल्याला टाका धरत नाही." गिऱ्हाइकांना हे वाक्य ती कितीतरी वर्षं सांगत आली होती, आणि सांगताना तिला त्यांचं कधी फारसं वाईट वाटलं नव्हतं.

डॉक्टर मध्यमवयीन होते, घाई न करता बोलणारे. गोळीनं पडद्याला इजा झालीय, दोन्ही डोळ्यांत, म्हणाले. मधला भाग शाबूत आहे, भोवतीचं कडं गेलंय. शाबूत हा शब्द त्यांनी आपणहून वापरला, रोज सकाळी घारी स्वतः म्हणायची तोच. "सुई ओवायला मधलं एवढंसंच लागतं," ते म्हणाले. "ते चांगलं राहिलं, म्हणून तुम्हाला कळलं नाही. फोटोत हे आपल्याला जाणवायच्या बरंच आधी दिसतं. मागच्या एखाद्या वर्षी जरी आल्या असतात तर..." तिथं ते थांबले. उरलेलं वाक्य घारी घरी पोचेपर्यंत आणि त्यानंतरही रोज स्वतःशी पुरं करत राहिली. एका दिवसाचा खाडा नको म्हणून तिनं डोळे घालवले होते. कुणाच्या नावानं बोटं मोडायची? या वेळी दुसरं कुणी सापडत नव्हतं.

गोळी त्या दिवशीच बंद झाली. गेलेलं परत येणार नाही, आणि बंद केल्यावरही काही काळ थोडं आणखी जाऊ शकतं, एवढं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. जिना उतरताना नणंदेनं तिचा दंड धरला. शेवटच्या पायरीवर घारी थांबली.

"ताई, कात्री तुम्ही नेली नव्हती."

"माहितीये मला," नणंद म्हणाली. "चल, रस्ता ओलांडायचाय."

सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दुसरं औषध सुरू केलं. गेली काही वर्षं तुम्ही मला भेटल्याच नाहीत, तुमचं वजन किती उतरलंय, त्या मापानं गोळीही कमी करायला हवी होती, असं त्या बोलल्या. रागावल्या नाहीत, त्यानंच घारीला जास्त लागलं. नवं औषध लागू पडायला वेळ लागेल, पडेलच याची खात्री नाही. तोपर्यंत जुन्या गोळीचा असर अंगातून हळूहळू उतरत जाणार. बोटांचं काय, हे घारीनं विचारलं नाही. बाईंनीही सांगितलं नाही. दोघींना कळत होतं.

घारीनं एकच गोष्ट मनाशी धरली. मास्तरांचा कोट. बोटं चालतायत तोवर तेवढा नीट करून द्यायचा. मास्तरांनी लॉन्ड्रीवाल्याकडून निरोप पाठवला की कोट आहे तसा द्या, मला काही दिसत नाही त्यात. मास्तरांना चष्म्यातूनही समोरचा माणूस ओळखू येत नाही, तो भाग वेगळा. घारीनं निरोप धुडकावला. तिनं स्वतःची वीण स्वतःच्या हातानं उसवली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि भोक पुन्हा उघडं केलं. रोज दुपारी नणंद खाली येऊन शेजारी बसायला लागली. घारी सुई धरायची आणि नणंद रेघा सांगायची.

"तांबडी झाली. आता काळ्या दोन. अगं, तिकडे नाही, डावीकडे. ती तांबडी आहे."

"ओरडू नका ताई."

"ओरडत नाहीये. माझा आवाजच असा आहे."

असं भांडत भांडत निम्मी चौकट भरली. घारीला कधीकधी हसूही यायचं. पण घाईही होती, आणि रफूच्या कामात घाई चालत नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? सकाळी बोटं उघडायला रोज थोडा जास्त वेळ लागत होता. कोमट पाण्याचं भांडं पुन्हा बाहेर निघालं. नवरा ते भरून ठेवायचा.

त्या सकाळी पाण्यात हात बुडवून झाल्यावर ती खिडकीशी बसली. सुई ओवून डोळे तपासण्यात आता काही अर्थ नव्हता, ते तिलाही माहीत होतं. तरी डबी उघडली. सगळ्यात बारीक सुई काढायला तीनदा चिमटीत धरावी लागली. टेबलावर मास्तरांच्या कोटाची बाही पसरलेली होती, निम्मी चौकट भरलेली, निम्मं भोक उघडं. तिनं दोरा धरला. पेरं सुजून लाल झाली होती. दोऱ्याचं टोक सुईच्या जवळ जायचं आणि बोट ताठ होऊन भलतीकडेच वळायचं. सुईचं भोक तिला दिसत होतं, त्याच्या कडेवरची चकाकी दिसत होती, दोऱ्याच्या टोकाला सुटलेला बारीक तंतू दिसत होता. ती टोक पुन्हा जवळ न्यायची आणि बोट पुन्हा वळायचं. दुसऱ्यांदा प्रयत्न करायचा नाही, हा वडिलांचा नियम तिनं किती वेळा मोडला कोण जाणे.

आतून चहाचा वास आला. नवऱ्यानं सवयीनं हाक दिली, "काय गं, शाबूत?"

उत्तर आलं नाही. तो दोन कप घेऊन दारात येऊन उभा राहिला. घारीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि हात अजून तसेच उचललेले होते.

"दिसत नाहीये का?" त्यानं घाबरून विचारलं.

"दिसतंय हो," घारी म्हणाली. "भोक अगदी लख्ख दिसतंय. बोटंच जात नाहीयेत तिथवर."